मिनार्डी : ३४० शर्यती, ३८ पॉइंट

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:५०

२००५ साली आमच्या घरी शर्यत मूकपटासारखी बघावी लागायची. घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली वडिलांचे सहा यंत्रमाग, वर आम्ही. वीज असली की माग चालू, आणि माग चालू असले की वर टीव्हीचं एक अक्षर ऐकू येत नाही. लोडशेडिंग झालं की माग बंद, घर शांत, आणि टीव्हीही बंद. फॉर्म्युला वनच्या गाडीचा खरा आवाज कसा असतो हे मला कॉलेजात गेल्यावर मित्राच्या घरी कळलं. तोवर माझ्या डोक्यात मायकेल शूमाखरची फेरारी धोट्याच्या आवाजात पळायची. खटॅक-खट, खटॅक-खट.

१९ जूनची रात्र, साडेअकरा वाजलेले. अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत. गाड्या सुरुवातीची फेरी मारून आल्या आणि वीसपैकी चौदा सरळ पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या दुरुस्तीच्या गल्लीत, वळल्या. आवाज नाही, त्यामुळे काय झालं कळेना. मला वाटलं केबलवाल्याने मध्येच जुनी कॅसेट लावली. ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रांगेत, उरल्या सहा : दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. मग दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. तिथल्या शेवटच्या तिरक्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकत नव्हते, शुक्रवारी मायकेलचा धाकटा भाऊ राल्फ शूमाखर याची टोयोटा भिंतीवर आदळली होती, म्हणून मिशेलिनवाल्या सातही टीम बाहेर. ब्रिजस्टोनवाल्या तीनच पळाल्या.

आपला नारायण कार्तिकेयन त्या दिवशी जॉर्डनमधून चौथा आला, भारतीयाचे फॉर्म्युला वनमधले पहिले पॉइंट. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला त्याच्या मागच्या दोघांबद्दल लिहायचंय. पाचवा क्रिस्तियान अल्बर्स, सहावा पॅट्रिक फ्रीसाकर. दोघेही मिनार्डीचे. एका रात्रीत ७ पॉइंट. वीस-एकवीस हंगामांत या टीमने एकूण ३८ मिळवले, त्यातले ७ सहा गाड्यांच्या शर्यतीत. आणि चार-साडेचार महिन्यांत मिनार्डी नावाची टीम राहिलीच नाही.

टीम इटलीतल्या फाएन्झाची. गाव लहान, चकाकत्या मुलाम्याच्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. युरोपात अशा भांड्यांना फायान्स म्हणतात तो शब्दच या गावावरून आला. चादर म्हटलं की आपलं नाव येतं, तसं. इमोलाचं सर्किट जवळच. जानकार्लो मिनार्डीच्या घरचा फियाट गाड्या विकायचा धंदा होता. आधी फॉर्म्युला टूमध्ये टीम चालवली आणि १९८५ला एक गाडी, एक ड्रायव्हर घेऊन हा माणूस फॉर्म्युला वनमध्ये उतरला. ड्रायव्हर पिएरलुइजी मार्टिनी. पहिली तीन वर्षं भोपळा. पहिला पॉइंट १९८८ला डेट्रॉइटमध्ये, मार्टिनीच, सहावा. तेव्हा पहिल्या सहालाच पॉइंट मिळायचे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या मते या टीमचा सर्वात मोठा दिवस सिल्व्हरस्टोन १९८९. त्या वर्षी नोंदवलेल्या गाड्या ३९ आणि ग्रिडवर जागा २६. तळाच्या तेरा गाड्यांना शुक्रवारी सकाळी आठ वाजता तासाभराची चाळणी. त्यातल्या चार पुढे, बाकीच्यांनी टेम्पोत सामान भरायचं. म्हणजे जगभर फिरायचा खर्च करायचा आणि शुक्रवारी नऊ वाजता घरी. चाळणीत कोण जाणार हे दर सहामाहीला पॉइंट बघून ठरायचं. सहामाहीची शेवटची शर्यत सिल्व्हरस्टोन, आणि तोवर मिनार्डीच्या खात्यात शून्य. त्या एका दिवशी मार्टिनी पाचवा आणि लुइस सालाही सहावा. दोन्ही गाड्या पॉइंटात. चाळणी टळली. मोठ्या टीमच्या इतिहासात पाचवा-सहावा क्रमांक कुणी लिहूनही ठेवत नाही.

त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये मार्टिनीने एक फेरी आघाडी घेतली. एकच. ३४० शर्यतींत मिनार्डी सर्वात पुढे होती ती तेवढीच फेरी.

१९९०ला फिनिक्समध्ये तो ग्रिडवर दुसरा उभा राहिला, विश्वविजेता राहिलेल्या सेन्नाच्याही पुढे. शुक्रवारी कोरड्यात वेळ लावली, शनिवारी पाऊस आला आणि कुणाला ती मोडता आली नाही. शर्यतीत सातवा. त्या अख्ख्या वर्षात टीमला पॉइंट शून्य!

१९९१ला फेरारीचं इंजिन मिळालं. आता जग जिंकणार असं वाटलं असेल त्यांना. मार्टिनी दोनदा चौथा आला, आणि पुढच्या वर्षी इंजिन गेलं. मग लॅम्बोर्गिनी, मग फोर्ड. इंजिन दुसऱ्याचं असलं की असंच. आमच्याकडे सूत व्यापाऱ्याचं असायचं, मजुरीवर विणून द्यायचं. व्यापाऱ्याने सूत दुसऱ्याकडे टाकलं की आमचे सहा माग उभे.

बाकीचं उद्या लिहितो, विशेषतः १९९९. डोळे मिटायला लागलेत.

---

कंबरतलाव | रविवार, रात्री ११:१५

रुमाल टाकून ठेवतो. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

पूर्वभाग_पोरगा | रविवार, रात्री ११:३१

काय लिहिलालास बे, लै भारी! पण सहा माग म्हणजे तुम्ही कारखानदार की. आमच्या घरी दोनच होते, आमच्या टीव्हीचा आवाज थोडा यायचा.

---

सात_रस्ता | सोमवार, सकाळी ७:०५

छान लिहिलंय, पण एक प्रामाणिक शंका. हे सगळं श्रीमंतांचे चोचले नाहीत का? हरणाऱ्या टीमवर कोट्यवधी उडवायचे, आणि आपण सोलापुरात बसून त्यांच्यासाठी हळहळायचं. इथं पाणी चार-पाच दिवसांनी येतं.

---

होम_मैदान | सोमवार, सकाळी ९:४०

सात_रस्ता, पाण्याचा धागा वेगळा आहे, तिथे या, तिथे मीही शिव्या देतो.

शेंगाचटणी, एक दुरुस्ती. "टीम राहिलीच नाही" हे चूक. नाव राहिलं नाही. रेड बुलने २००५च्या अखेरीस ती विकत घेतली आणि २००६ला तीच टीम, तोच फाएन्झाचा कारखाना, तोरो रोसो म्हणून उतरला. २००८ला मोंझाच्या पावसात सेबास्टियन वेटलने पोल (ग्रिडवरची पहिली जागा) घेऊन शर्यत जिंकली ती याच कारखान्यातल्या गाडीत. रेड बुलची मोठी टीम तेव्हा एकही शर्यत जिंकलेली नव्हती, धाकट्याने आधी जिंकली. २०२०ला पुन्हा मोंझा, पिएर गॅस्ली, तोवर नाव अल्फाटाउरी. आता रेसिंग बुल्स. पत्ता अजून फाएन्झाच. तेव्हा पतन वगैरे रडगाणं बंद करा. विकणाऱ्याने योग्य वेळी विकलं.

---

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी २:२०

दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर लिहून घेतो.

होम_मैदान, मोंझाचं मी लिहिणारच होतो, तुम्ही ताट ओढून घेतलं. असो.

१९९९, न्यूरबर्गरिंग. चार वर्षं झाली होती शेवटचा पॉइंट मिळून. पाऊस येतोय-जातोय, पुढच्या गाड्या एकेक करून बाद होतायत, आणि लुका बाडोएर मिनार्डीतून चौथा. चौथ्याला ३ पॉइंट. तेरा फेऱ्या राहिल्या आणि गिअरबॉक्स गेला. धूर काढत गाडी कडेला उभी राहिली. बाडोएर खाली उतरला, गाडीला टेकून बसला आणि रडला. हेल्मेटमध्ये असला तरी खांदे हलतात ना माणसाचे. मी ते पुढे कधीतरी सायबर कॅफेत बघितलं, तासाला वीस रुपये देऊन, आणि तिथेही हेडफोन बंद होता. मला त्या माणसाचं रडणं आजही मुकंच आठवतं.

हा बाडोएर फेरारीचा टेस्ट ड्रायव्हर. वर्षानुवर्षं शूमाखरसाठी गाडी तयार करून दिली. एकही पॉइंट न मिळवता सर्वात जास्त शर्यती पळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. तो गिअरबॉक्स तेरा फेऱ्या टिकला असता तर विक्रम दुसऱ्या कुणाचा तरी असता.

पण त्या दिवशी मिनार्डीची दुसरी गाडी पळतच होती. मार्क जेने, सहावा. आणि त्याच्या मागे एडी अर्व्हाइन, फेरारी घेऊन, विश्वविजेतेपदाच्या लढतीत असलेला! फेरारीला मिनार्डी ओलांडता आली नाही. जेनेला एक पॉइंट. अर्व्हाइनचं विजेतेपद शेवटी दोन पॉइंटांनी गेलं. एका पॉइंटाने काही झालं नसतं, मला हिशोब येतो, पण तरी.

---

होम_मैदान | सोमवार, दुपारी ३:०२

आता त्याच शर्यतीची गंमत ऐका. ती जिंकली कुणी? जॉनी हर्बर्टने, स्टुअर्ट टीमसाठी. जॅकी स्टुअर्टची छोटी टीम, तिचा तो एकमेव विजय. ती टीम फोर्डने घेतली, जॅग्वार झाली, आणि २००५ला रेड बुल. म्हणजे त्या दिवशी उड्या मारणारी टीम आणि बाजूला रडणारी टीम, दोन्ही पुढे एकाच मालकाच्या घरात थोरल्या-धाकट्या म्हणून नांदल्या.

---

कंबरतलाव | सोमवार, दुपारी ३:३०

हे माहीत नव्हतं. धागा वसूल.

---

जुनी_मिल | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी शर्यती फारशा बघत नाही. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मौत का कुवा लागतो, तेवढीच माझी मोटार-शर्यत. लाकडी फळ्यांच्या विहिरीत मारुती फिरवणारा आणि वरून दहाची नोट धरणारे आपण. तिथल्या गाडीला दरवाजे नसतात, बाकी तिला तुमच्या भाषेत उघड्या चाकाची म्हणणार की नाही ते तुम्ही ठरवा.

पण होम_मैदान यांचं एक वाक्य सकाळपासून डोक्यात फिरतंय. नाव गेलं, कारखाना राहिला. आमच्या गावात उलटं झालं. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. १८७७ची मिल. भोंग्यावर अख्ख्या गावाची घड्याळं लागायची. आज काम नाही, माणसं नाहीत, पण रिक्षावाल्याला "जुनी मिल कंपाउंड" म्हटलं की तो विचारत नाही कुठं. पत्रावर तेच नाव. तिकडे पाटी बदलली आणि माणसं सकाळी कामावर गेली. इथं पाटी राहिली. माझ्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी यातलं कोणतं घेतलं असतं, ते मला विचारू नका, मला माहिती आहे.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९:३०

काका, याला उत्तर नाही माझ्याकडे.

सात_रस्ता यांच्या चोचल्यांकडे येतो, कारण तो प्रश्न खरा आहे. ही टीम हरायची कशामुळे? नुसतं "पैसा नव्हता" म्हणून भागत नाही. पैसा नसला की काय काय होतं ते बघा. इंजिन एक-दोन वर्षं जुनं मिळतं. नवे भाग हंगामाच्या मध्ये येत नाहीत, मार्चमध्ये जी गाडी ती ऑक्टोबरात. बक्षिसाच्या पैशातला वाटा वरच्या दहा टीमना, त्यामुळे एक पॉइंट हा मानाचा नसून पगाराचा प्रश्न. २००२ला मार्क वेबर मेलबर्नमध्ये, स्वतःच्या देशात, पहिल्याच शर्यतीत पाचवा आला. २ पॉइंट. वर्षअखेरीस टोयोटाचेही २, अॅरोजचेही २, पण पाचव्या क्रमांकाच्या जोरावर मिनार्डी त्यांच्या वर, नववी. टोयोटा! किती पैसा ओतला होता त्यांनी. वेबर आणि मालक पॉल स्टॉडर्ट, दोघेही ऑस्ट्रेलियन, समारंभ संपल्यावर रिकाम्या पोडियमवर चढून नाचून आले.

आणि ड्रायव्हर. मोठी टीम ड्रायव्हरला पैसे देते, छोट्या टीमला ड्रायव्हरने आणावे लागतात. कार्तिकेयनला २००४साठी मिनार्डीत जागा मिळत होती, स्पॉन्सरचे पैसे जमले नाहीत म्हणून हुकली. वर्षभराने जॉर्डनमध्ये जमलं. म्हणजे आपला पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर मिनार्डीचाच व्हायचा होता जवळजवळ.

तरी या टीमने कुणाकुणाला पहिली संधी दिली बघा. नानिनी, फिसिकेला, ट्रुली, वेबर. आणि २००१ला एकोणीस वर्षांचा फर्नांडो अलोन्सो. स्टॉडर्टने हंगाम तोंडावर आल्यावर टीम विकत घेतली होती, गाडी सहा-सात आठवड्यांत जुळवली. त्या गाडीत अलोन्सोला पॉइंट मिळाला नाही, पण ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं. २००५ला, मिनार्डीच्या शेवटच्या वर्षी, तो विश्वविजेता होता.

सगळे म्हणतात पॅडॉकमध्ये, म्हणजे पिटमागच्या टीमच्या आवारात, सर्वात चांगली कॉफी मिनार्डीकडे मिळायची. मोठमोठ्या टीमची माणसं तिथे येऊन बसायची. पाहुणचारात पहिले, निकालात शेवटचे. सोलापुरी घर.

---

पूर्वभाग_पोरगा | सोमवार, रात्री ९:४४

शेवटची शर्यत राहिली की बे. शांघाय २००५. शूमाखर ग्रिडवर जाताना, शर्यत सुरू व्हायच्या आधीच, अल्बर्सच्या मिनार्डीला धडकला. दोघं दुसरी गाडी घेऊन पिटमधनं निघाले. जाता जाता फेरारीलापण घेऊन बसले!

---

बोल्टनट | सोमवार, रात्री ११:५८

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

शेंगाचटणी यांनी बाडोएरचं लिहिलं ते वाचून झोप गेली. आमचीपण एक टीम होती. सोलापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजची, नाव लिहीत नाही. देशभरातली कॉलेजं फॉर्म्युलासारखी छोटी उघड्या चाकांची गाडी बनवून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर नेतात, ती स्पर्धा. आम्ही अठरा जण होतो, मुली तीन.

पहिल्या वर्षी नुसते कागद. दुसऱ्या वर्षी पाइप कापले. चॅसी (गाडीचा सांगाडा) वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये वेल्ड केली, वेल्डर एमआयडीसीतून संध्याकाळी सुट्टी झाल्यावर यायचा आणि पैशांऐवजी बहुतेक वेळा वडापाव घ्यायचा. इंजिन अपघातातल्या केटीएमचं, भंगारातून. नियमाप्रमाणे इंजिनच्या श्वासनळीत वीस मिलिमीटरचं भोक असलेला रोधक बसवावा लागतो, म्हणजे सगळ्यांचं इंजिन सारखंच धापा टाकतं. तो लेथवर फिरवून आणला अक्कलकोट रोडवरून. बॉडी फायबरची, ती करून दिली गणपतीच्या मूर्तींना फायबरचे साचे करणाऱ्याने. त्यामुळे आमच्या गाडीच्या नाकाला जरा सोंडेचा बाक होता. आम्ही तिला मूषक म्हणायचो.

पहाटे पाचला कॉलेजच्या पार्किंगमध्ये चालवायचो. पहिल्यांदा ती स्वतःच्या पायावर पन्नास मीटर गेली तेव्हा वॉचमनने टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी आम्ही सगळे भागवत टॉकीजजवळ जाऊन पोहे खाल्ले आणि कुणीच काही बोललं नाही.

कोइम्बतूरला टेम्पोने गेलो. तपासणी पास. मग गाडी साठ अंशात तिरकी करून बघतात, पेट्रोल सांडतं का, चाक उचलतं का, तेही पास. आवाजाची चाचणी पास. शेवटची ब्रेकची. वेग घेऊन एकदम ब्रेक दाबायचा, चारही चाकं जागच्या जागी लॉक झाली पाहिजेत. ती झाल्याशिवाय ट्रॅकवर पाय ठेवू देत नाहीत.

आमची पुढची दोन लॉक व्हायची. मागची दोन फिरत राहायची.

परत गेलो. पुन्हा तेच. पेडल सलग दोन-तीनदा दाबलं की दगडासारखं कडक, पण एकदाच दाबलं की लोण्यासारखं आत. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा असणार म्हणून सगळी रात्र ब्लीड केलं, म्हणजे ऑइल ढकलून हवा काढली. एक जण पेडलवर, एक जण निपलवर (हवा सोडायच्या तोटीवर), मी ऑइलच्या बाटलीला. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. पाच बाटल्या ऑइल गेलं. बुडबुडे येणं बंद झालं, पेडल मात्र तसंच. दुसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलून बघितला, पॅड बदलले. सहाव्यांदाही मागची चाकं फिरलीच. बावीस किलोमीटरची मुख्य शर्यत आम्ही जाळीमागे उभं राहून बघितली.

पडझड त्यानंतरची. कुणी भांडलं नाही. सीनियर पास होऊन पुण्याला गेले. कॉलेजने पुढच्या वर्षीचे पैसे दुसऱ्या कशाला तरी दिले. मी प्रोजेक्टच्या नावाखाली एक वर्ष ओढलं, ज्युनिअर चार मिळाले, त्यातले दोन फोटोपुरते. चॅसी शेडमध्ये ताडपत्रीखाली. इंजिन लॅबवाल्यांनी करवतीने अर्धं कापून रंग दिला, आता ते कट-सेक्शन मॉडेल आहे. सिलिंडर निळा, पिस्टन पिवळा. तोंडी परीक्षेला त्याच्यावरच प्रश्न विचारतात.

आठ वर्षं झाली. मी आता पुण्यात ब्रेकच्याच कंपनीत आहे. हसू नका.

---

सात_रस्ता | मंगळवार, सकाळी ७:१०

चोचल्यांबद्दलचा शब्द मागे घेतो. निदान सोलापूरपुरता.

---

जुनी_मिल | मंगळवार, सकाळी ८:२०

अर्धं कापून रंग दिला. काय बोलावं. मिलमधला एक माग असाच रंगवून शोभेला ठेवलेला बघितलाय मी.

---

होम_मैदान | मंगळवार, सकाळी १०:१५

बोल्टनट, अंदाज सांगतो. मागचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा, मोठा निवडला गेला असणार. बोअर (आतला व्यास) मोठा की दाब कमी. कागदावरचा हिशोब चुकला असेल.

---

बोल्टनट | मंगळवार, दुपारी १:०५

होम_मैदान, तो हिशोब मीच केला होता आणि नंतर नोकरीत शंभरदा तपासला. बरोबर होता. आणि सिलिंडर मोठा असता तर पेडल उलट कडक लागलं असतं, मऊ नाही.

---

ग्रीसगन | मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार. माझं विजापूर रोडला गॅरेज आहे, टू व्हीलरचं. तीस वर्षं झाली. पोरगा हा धागा वाचून दाखवत होता, तोच टाइप करतोय.

ताई, पेडल पंप केलं की कडक आणि एकदा दाबलं की मऊ, म्हणजे हवाच. दुसरं काही नाही.

---

बोल्टनट | मंगळवार, रात्री १०:०२

काका, रात्रभर काढली हो हवा. पाच बाटल्या.

---

ग्रीसगन | मंगळवार, रात्री १०:०९

काढली तेवढी निघाली. राहिलेली कुठं राहिली ते विचारतोय. मागची कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा जबडा, कोणत्या गाडीची होती?

---

बोल्टनट | मंगळवार, रात्री १०:१४

बाइकची. एकाच मॉडेलची दोन घेतली, स्वस्त पडली. एक उजवीकडे, एक डावीकडे.

---

ग्रीसगन | मंगळवार, रात्री १०:१७

एकाच मॉडेलची दोन्ही म्हणजे दोन्ही एकाच बाजूची. बाइकला मागं चाक एकच असतं ताई. उजवीकडं बसली ती सरळ बसली. डावीकडची उलटी केल्याशिवाय बसणार नाही. तिचं निपल वर होतं का खाली?

---

पूर्वभाग_पोरगा | मंगळवार, रात्री १०:१९

अयायाया.

---

होम_मैदान | मंगळवार, रात्री १०:२६

निपल खाली असेल तर हवा कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात अडकून बसणार. ऑइल खालून कितीही जाऊ दे, ती हलणार नाही. आणि मागच्या दोन्ही चाकांची लाइन एकच, त्यामुळे डावीकडच्या हवेने उजवीकडचाही दाब खाल्ला. मास्टर सिलिंडरचं माझं वाक्य मागे घेतो. काका, साष्टांग.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री १०:३१

बोल्टनट ताई, फोटो आहे का कुठे?

---

ग्रीसगन | मंगळवार, रात्री १०:४०

असं असलं तर कॅलिपर खोलायची, हातात धरायची निपल वर करून, पॅडच्या मधे लाकडाची पाचर घालायची म्हणजे पिस्टन बाहेर येत नाही, आणि तशीच लटकवून हवा काढायची. मग परत बोल्ट लावायचे. वीस मिनिटांचं काम. त्या वेळी फोन केला असता तर सांगितलं असतं.

---

बोल्टनट | मंगळवार, रात्री ११:५२

जुनी हार्ड डिस्क शोधत होते. फोटो सापडला. कोइम्बतूरचा, गाडी स्टँडवर, मागून काढलेला. मी बाटली धरून बसलेय, डोळे बंद.

डावीकडचं निपल खाली आहे.